भोगवट्याचे कागद आणि त्यांचें ठिकाण

जुन्या दप्तरांत हात घालणाऱ्यास पहिल्यानें जो कागद लागतो तो बहुधा राजकारणाचा नसतो, भांडणाचा असतो. लढाया, तह आणि मसलती यांचीं पत्रें शोधीत बसावें, रुमालामागून रुमाल सोडावा, आणि प्रत्येकांतून बांध, विहीर, पाटीलकी, कुळकर्ण व मिरास यांचे महजर आणि निवाडे निघावे, हा अनुभव ज्यास आला नाहीं असा संग्राहक महाराष्ट्रांत विरळा. कै. राजवाडे यांच्या खंडांतून आणि भारत इतिहास संशोधक मंडळानें काढलेल्या शिवचरित्रसाहित्याच्या भागांतून जी सामग्री छापली गेली, तिचा फार मोठा वांटा या भांडणांनींच आपल्यासाठीं राखून ठेविला आहे. घराण्यांनीं हे कागद इतिहासासाठीं जपले नाहींत. उद्यां एखादा दाईज उठला, किंवा शेजाऱ्यानें बांध सरकविला, तर दिवाणांत काय दाखवावयाचें, या धास्तीनें ते जपले. पूर आला तर पहिल्यानें देव्हारा आणि मग कागदांची फडकी बाहेर काढावयाची, अशी ज्या घरांतून चाल होती, तेथें तिच्या मुळाशीं हीच धास्ती होती.

अर्थात् हे कागद पक्षकारांचे आहेत हें विसरून चालणार नाहीं. करीना म्हणजे वतनाची साद्यंत हकीकत खरी, परंतु ती सांगणारा स्वतः वतनाचा मागणीदार असतो. त्यानें आपल्या पूर्वजाची चाकरी वाढवून सांगावी आणि प्रतिपक्षाच्या पूर्वजाचें नांवही घेऊं नये, यांत नवल नाहीं. जेध्यांच्या करीन्यासारखें बहुमोल साधनही याच जातीचें आहे. अशा कागदावर भरंवसा किती ठेवावा, हा इतिहासकाराचा प्रश्न मुळांत न्यायाधीशाचा प्रश्न आहे, आणि न्यायाधीशांनीं तो आपल्या आधीं कित्येक शतकें हाताळलेला आहे. जमीन माझी असें म्हणणाऱ्यानें तें शाबीत कसें करावें, याची आपल्याकडील रीति काय होती, आणि कागद आपल्या जागेवरून हलला म्हणजे त्याच्या साक्षीचें काय होतें, या दोन गोष्टी येथें पाहावयाच्या आहेत. दुसरी गोष्ट संग्राहकांच्या दृष्टीनें अधिक जवळची व काहींशी अप्रिय आहे, म्हणून ती शेवटीं ठेविली आहे.

धर्मशास्त्रानें मानुष प्रमाणें तीन मानिलीं: लिखित, भुक्ति आणि साक्षी. तिन्ही नसतील तरच दिव्य. याज्ञवल्क्यानें भूमीविषयीं आणखी एक नियम सांगितला. स्वामी पाहत असून हरकत घेत नाहीं, आणि परका वीस वर्षें जमीन उपभोगतो, तर स्वामीची हानि होते; धनाविषयीं हीच मुदत दहा वर्षांची. हानि कशाची, हा मात्र वादाचा मुद्दा. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या आश्रयानें सुमारें इ. स. ११०० च्या वेळीं मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरानें असा अर्थ लाविला कीं, जाते ती जमीन नव्हे, त्या काळांतील तिचें फळ जातें. दुसऱ्याच्या जमिनींत नुसतें बसून राहिल्यानें चोर स्वामी होत नाहीं, हा त्याचा आशय. उलट, आगम म्हणजे जमीन मिळाल्याचें मूळ कारण हें भोगाहून बलवत्तर असलें, तरी वाडवडिलांपासून क्रमानें चालत आलेल्या भोगापुढें आगमाचा आग्रह चालत नाहीं, असेंही स्मृतीनें मान्य केलें. आमच्या मतें सारी मेख या अपवादांत आहे. तीन पिढ्यांपूर्वींचें दानपत्र दाखव असें म्हणणें म्हणजे वाळवी, पाऊस आणि लुटारू यांचा दोष निरपराध वंशजाच्या माथीं मारणें होय. आणि नुसत्या भोगास सर्व कांहीं मानणें म्हणजे दांडग्यास राजमार्ग करून देणें होय. या दोन टोंकांमधून वाट काढण्याची खटपट पुढील सर्व न्यायपद्धतींत दिसते.

स्मृतिकारांनीं गहाण, सीमा, ठेव, तसेंच मूढ, बालक, राजा, स्त्री व श्रोत्रिय यांचें द्रव्य या मुदतीच्या नियमांतून वगळलें आहे. ज्यास हरकत घेतां येत नाहीं, त्याच्या मौनाचा अर्थ संमति असा घेऊं नये, हें त्यांतील तत्त्व. महाराष्ट्रांतील मिरासीच्या व्यवहारांत हेंच तत्त्व निराळ्या वेषांत दिसतें. दुष्काळानें किंवा दंग्यानें मिरासदार परागंदा झाला, त्याची जमीन गांवानें उपऱ्यास लावून दिली, आणि पुष्कळ वर्षांनीं मूळ धनी किंवा त्याचा वंशज परत आला, तर त्यास आपली मिरास मागतां येत असे. उपऱ्याचा भोग कितीही लांबला तरी तो उपरीपणाचाच भोग. मिरासपत्रांतून पुत्रपौत्रादि लेकराचे लेकरीं खावें असे जे शब्द येतात, ते केवळ कारकुनी अलंकार नव्हेत. परत येणाऱ्या नातवाचा हक्क त्या शब्दांवर उभा असे.

आतां सतराव्या व अठराव्या शतकांतील प्रत्यक्ष पद्धति पाहूं. वाद गोतापुढें किंवा दिवाणापुढें गेला म्हणजे अग्रवादी व पश्चिमवादी या दोघांकडून प्रथम राजीनामे घेत, म्हणजे ही सभा जो निवाडा करील तो आम्हांस मान्य आहे असें लिहून घेत. त्यावर वर्तावयाचे जामीनकतबे होत. मग दोघांच्या तकरीरा लिहावयाच्या. त्यांच्यापाशीं असतील ते कागद मागवावयाचे, आणि भोगवटा कोणाचा याची चौकशी वांट्याच्या शेजाऱ्यांकडे व आसपासच्या गांवांच्या पाटील-कुळकर्ण्यांकडे करावयाची. साक्ष देवळांत, हातावर तुळस अगर बेल ठेवून, बेचाळीस पूर्वजांचें स्मरण देऊन घेत. खोटें बोललास तर तुझे पूर्वज अधोगतीस जातील, हें सांगणारे आणि ऐकणारे दोघेही तें खरें मानीत होते, ही गोष्ट आजच्या वाचकानें नजरेआड करूं नये. साक्षीचें वजन तेथून येत असे. निवाडा झाला म्हणजे जिंकणाऱ्याकडून हरकी, हरणाऱ्याकडून गुन्हेगारी, आणि शिवाय हरणाऱ्याच्याच हातचें येजितखत: आपण खोटे झालों, यापुढें या वतनाशीं आपणांस संबंध नाहीं. इंग्रजी अंमल बसल्यावर एल्फिन्स्टननें १८१९ सालच्या आपल्या अहवालांत पंचायतींचें सविस्तर वर्णन केलें, त्यांत दिरंगाई व पक्षपात हे दोष दाखवूनही एकंदरींत लोकांस ती पद्धति मानवली होती असेंच त्यानें म्हटलें आहे.

या सर्व सोपस्कारांतून जो महजर निघे, त्याची रचना संग्राहकांनीं बारकाईनें पाहण्यासारखी असते. मथळ्यास तारीख आणि स्थळ; मग हाजिर मजालशींतील माणसें, देशमुख, देशपांडे, शेटे, महाजन, गांवोगांवचे मोकदम, आणि खालीं बारा बलुते. ज्यास लिहितां येत नाहीं त्याची निशाणी: कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. दिल्लीच्या फर्मानास नसेल इतकी एक ताकद या ओबडधोबड चित्रांत आहे. फर्मान एका मोहरेवर उभें असतें. ती मोहर बनविली कीं फर्मान बनलें. महजर तीस-चाळीस माणसांच्या तोंडावर उभा असतो, आणि त्या माणसांचीं नातवंडें त्याच पंचक्रोशींत नांदत असतात. खोटा महजर करणाऱ्यास सारी पंचक्रोशी खोटी करावी लागे.

कागद हरवले असतील तर काय? तकरीरींतून एक ठराविक कैफियत वारंवार भेटते, कीं आमचे कागद लुटींत गेले, घर जळालें त्यांत गेले. तें कधीं खरें असे, कधीं सोयीचें असे. अशा वेळीं गोतास विचारून, भोगवट्याची खात्री करून, नवें पत्र भोगवटियास करून देत. भोगवटियास हा एक शब्द या सर्व पद्धतीचें सार सांगतो. कागद उपभोगाच्या पाठीशीं उभा राहावा यासाठीं आहे, आणि उपभोगणाऱ्याच्या घरींच त्याची जागा आहे. म्हणूनच सरकारी पत्रांच्या शेवटीं आज्ञा येते, कीं याची तालीक लिहून घेऊन असल पत्र भोगवटियास परतोन देणें. कमाविसदार बदलत, सुभे बदलत, प्रत्येकजण पत्र पाहण्यास मागे. परंतु प्रत्येकानें नक्कल ठेवून घ्यावयाची आणि असल परत करावयाचें. राज्यास स्वतःच्या दप्तरापेक्षां धन्याच्या घरावर अधिक विश्वास होता असें नव्हे. दोन्हीकडे कागद असला म्हणजे एकानें दुसऱ्यास ताडून पाहतां येतें, हा हिशेब होता.

कारण तकलुबी कागदांचा सुळसुळाट त्या काळींही होता. परीक्षेचीं साधनें मात्र आज आपणांजवळ अधिक आहेत, आणि तीं सांगण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं. सर्वांत खात्रीचें साधन कालगणना. शुहूर सन अरबी शब्दांनीं लिहितात आणि तो मृगापासून बदलतो. त्यांत मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ व पुढें ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. खमस सबैन व अलफ म्हणजे १०७५, म्हणजेच इ. स. १६७४-७५. शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजीं, शके १५९६ आनंदनाम संवत्सरीं झाला. तेव्हां राज्याभिषेक शक घालून त्याआधींची मिति देणारा कागद हातीं घेण्याचेंही कारण नाहीं. पेशवाईंतील पत्रांत चंद्र आणि तिथि अशा दोन्ही गणना येतात. मुसलमानी महिना चंद्रदर्शनानंतर सुरू होत असल्यामुळें छ ५ हा शुद्ध षष्ठीच्या आसपासच पडला पाहिजे. ज्या पत्रांत छ ५ आणि वद्य पंचमी एकाच दिवशीं आली आहे, त्याच्या लेखकानें आंकड्यास आंकडा जुळविला आणि आकाशाकडे पाहिलें नाहीं. मोडकांची जंत्री उघडली कीं असा कागद दोन मिनिटांत उघडा पडतो.

अक्षराची परीक्षा याहून कठीण. शिवकालीन मोडी, पेशवाईंतील चिटणिशी वळण आणि इंग्रजींतील घाईची मोडी यांचा भेद मुरलेल्या डोळ्यास कळतो. बोरूची जाड-बारीक रेघ आणि लोखंडी टांकाची एकसारखी रेघ यांचा भेद नवशिक्यासही कळतो. कागद विलायती बनावटीचा असेल तर उजेडाकडे धरून त्यांतील पाणछाप पाहावी. सवाई माधवरावांची मिति आणि तिच्यानंतर कित्येक वर्षांनीं घातलेला कागदाचा सन असा संयोग जमूं शकत नाहीं. बंद जोडलेले असतील तर जोडावरील शिक्का दोन्ही बंदांवर सारखा उमटला आहे काय, पाठीवर सुरू सूद, बार असे दप्तरांत चढल्याचे शेरे आहेत काय, शेवटीं मोर्तब आहे काय, हें पाहावें. यांपैकीं एकही खूण एकटी निर्णायक नव्हे. पाठीवर शेरा नाहीं म्हणून कागद खोटा, असें म्हणणाऱ्यांनीं कितीएक चांगलीं पत्रें उगाच बदनाम केलीं आहेत.

तिन्ही प्रमाणें खुंटलीं म्हणजे दिव्य. रवादिव्यांत उकळत्या तेला-तुपांतून धातूचा तुकडा हातानें काढावयाचा. आधीं हात धुवून, नखें काढून, हातावरील जुन्या खुणा लिहून घेत. मागून हातास पिशवी घालून तीवर मोहर करीत आणि ठरल्या दिवशीं ती सोडून हात पाहत. या प्रकाराविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे, आणि १९५३ सालीं प्रसिद्ध झालेल्या डॉ. वि. त्र्यं. गुणे यांच्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील इंग्रजी ग्रंथांत त्याचा साधार विचार आहे. म्हणून येथें विस्तार करीत नाहीं. सीमेच्या वादांविषयीं मात्र दोन शब्द. मनूनें सांगितलें आहे कीं, सीमेवर दगड, हाडें, तूस, राख, खापऱ्या, कोळसे असे कालानें न कुजणारे पदार्थ पुरून ठेवावे, आणि सीमा सांगणाऱ्यानें डोक्यावर माती घेऊन, तांबडीं वस्त्रें व तांबड्या माळा घालून ती सांगावी. गांवाच्या शिवेवर जुना कोळसा सांपडला म्हणजे तेथें वस्ती होती असा निष्कर्ष काढण्याची उत्खननकारांनीं घाई करूं नये, अशी या वचनावरून आमची एक भीत भीत सूचना आहे.

इंग्रजी अंमलांत प्रमाणांची नांवें बदललीं, क्रम बदलला. मुंबई इलाख्याच्या १८२७ सालच्या पांचव्या रेग्युलेशनानें मालक या नात्यानें तीस वर्षें अखंड वहिवाट असेल तर ती हक्क म्हणून मानली. विज्ञानेश्वराचा फळापुरता अर्थ येथें संपला. पुढें मुदतीच्या कायद्यांनीं ही मर्यादा बारा वर्षांवर आणली, आणि १९६३ च्या कायद्यांतही मालकीच्या आधारें स्थावराचा ताबा मागण्यास तीच मुदत राहिली. इनामांच्या बाबतींत १८५२ सालच्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशनास जे अधिकार मिळाले, त्यांचा इतिहास कटु आहे. धारकाच्या सनदेवर भिस्त न ठेवतां, तें इनाम इंग्रजी अंमलापूर्वीं किती वर्षें आणि किती पिढ्या अखंड चाललें, हें पाहावयाचें. त्यासाठीं साठ व चाळीस वर्षांच्या पायऱ्या बांधून दिल्या होत्या. ताळा पाहण्यास पुण्याचें पेशवे दप्तर हाताशीं होतें. सनद खरी असली, तर सरकारी रोजकीर्दींत तिचा दाखला आणि गांवच्या हिशेबांत तितक्या जमिनीची वजावट दिसली पाहिजे, ही कसोटी शास्त्रीय दृष्ट्या वाजवीच होती. परंतु ती लावणारा आणि इनाम बुडाल्यास ज्याचा वसूल वाढावयाचा तो, हे दोघेही सरकारच होते. १८६३ सालच्या दुसऱ्या व सातव्या कायद्यांनीं ठराविक नजराणा घेऊन पुष्कळांची सुटका केली. इतिहासावर मात्र या प्रकरणाचा एक उपकार झाला: कमिशनास दप्तर लावावें लागलें, म्हणून तें राहिलें, आणि १९३० ते १९३४ या काळांत सरदेसाई यांनीं त्यांतून निवडीचे पंचेचाळीस भाग काढले.

यापेक्षांही खोल फरक मोजणीनें केला. १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड व विंगेट यांची जमाबंदीची पाहणी सुरू झाली, आणि शेताची ओळख त्याच्या नांवावरून नंबरावर गेली. जुन्या कागदांत जमीन येते ती थळाच्या नांवानें: वडाचें शेत, कांबळ्याचा मळा, ओढ्याकडील पट्टी, आणि मोजमाप येतें तें वीस पांडांच्या बिघ्यांत व एकशेंवीस बिघ्यांच्या चाहुरांत. नव्या कागदांत येतो सर्व्हे नंबर, एकर आणि गुंठे. दाव्यांतील जुना कागद अस्सल ठरला, तरी त्यांतील शेत हेंच नंबरांतील शेत, हें सांधणारा दुवा नसेल तर त्याचा उपयोग शून्य. आमच्या पाहण्यांत जुन्या सनदेवर उभारलेले जे दावे पडले, ते बहुतेक या दुव्याच्या अभावीं पडले. अस्सलपणाच्या चर्चेंत वकिलांनीं दिवस घालविले, आणि चतुःसीमेकडे कोणी पाहिलें नाहीं. पूर्वेस अमक्याचें शेत असें पत्रांत लिहिलेलें असतें. तो अमका पाहणीच्या वेळच्या खातेदारांत किंवा त्यांच्या पूर्वजांत सांपडतो काय, हें शोधणें हेंच खरें काम, आणि तें मोडी वाचणाऱ्यावांचून होत नाहीं.

सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनीं रचलेला पुराव्याचा कायदा १८७२ सालीं आला आणि दीडशें वर्षें चालला. त्याच्या जागीं भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून लागू झाला. आपणांशीं संबंध असलेलीं त्यांतील दोन तत्त्वें जुन्याच शब्दांत पुढें आलीं आहेत. पहिलें, जो ताब्यांत आहे तो मालक नाहीं असें म्हणणाऱ्यानें तें शाबीत करावें. जुन्या कायद्यांत हें ११० वें कलम होतें. हा आपला भोगवटाच. दुसरें तत्त्व जुन्या ९० व्या कलमाचें, तें आतां ९२ व्या कलमांत आहे. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यांतून हजर झाला, तर त्यावरील सही व अक्षर ज्याचें म्हणून दिसतें त्याचेंच आहे असें न्यायालयास गृहीत धरतां येतें. साक्षीदार सारे मेलेले असले तरी अडत नाहीं.

या कलमाविषयीं संग्राहकांत दोन गैरसमज रूढ आहेत. कागद तीस वर्षांचा झाला कीं त्यांतील मजकूर खरा ठरतो, हा पहिला. गृहीत धरावयाचें तें लेखन. मजकुराचा खरेपणा निराळा पाहावा लागतो, आणि गृहीत धरणेंही न्यायालयाच्या इच्छेवर आहे. नक्कल जुनी असली तरी चालते, हा दुसरा. १९३५ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें स्पष्ट सांगितलें कीं, हें गृहीत असल कागदापुरतें आहे. तालीक दाखल करावयाची तर असल कोठें गेलें याचा आधीं पुरावा पाहिजे. हातांतील दूरध्वनीनें काढलेलें छायाचित्र वाचण्यास उत्तम, परंतु त्यानें असलाची जागा भरत नाहीं.

आणि योग्य ताबा म्हणजे काय? कायदा सांगतो कीं, कागद जेथें आणि ज्याच्यापाशीं स्वाभाविकपणें असावा तेथें असला म्हणजे ताबा योग्य. उदाहरणें तीन दिलीं आहेत: जमीन बहुत काळ वहिवाटणाऱ्यापाशीं तिचीं पत्रें, गहाणदारापाशीं गहाण जमिनीचीं पत्रें, आणि आप्तापाशीं सुरक्षित राहावीं म्हणून धन्यानें ठेविलेलीं पत्रें. ताब्याचा उगम सचोटीचा असल्याचें दाखवितां आलें तर तोही पुरे. जुन्या बाजारांत विकत घेतलेला कागद या तिहींत कोठेंच बसत नाहीं. त्याचा उगम सांगणारा कोणी नसतो.

सात-बारा आहे, मग जुने कागद हवेत कशाला, असें पुष्कळांस वाटतें. हक्कनोंदणी मुंबई इलाख्यांत १९०३ च्या कायद्यानें आली. आज ती महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या आधारें चालते, आणि तिच्यांतील नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानावी असें त्या संहितेचें १५७ वें कलम सांगतें. परंतु फेरफाराची नोंद वसुलाकरितां आहे, तिनें मालकी जन्मास येत नाहीं कीं मरत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें पुनःपुन्हा म्हटलें आहे. परगणे व कुळकर्णी वतनें १९५० च्या कायद्यानें, खासगी इनामें १९५२ च्या कायद्यानें आणि मुलकी पाटिलक्या १९६२ च्या कायद्यानें गेल्या; तरी त्यांखालील जमिनी कोणास परत मिळाल्या, कोणत्या शाखेच्या होत्या, वांटणी आधीं झाली होती कीं नाहीं, हे वाद उठतच आहेत. ते मिटविणारा कागद पुष्कळदां मोडींत असतो, आणि पुष्कळदां तो घरीं नसतो. तो आपल्यांपैकीं कोणाच्या तरी कपाटांत असतो.

येथें आम्हांस स्वतःचा एक दोष सांगितला पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका घराण्यानें आपलें दप्तर आम्हांस पाहावयास दिलें. तीन फडकीं होतीं. एकावर थोरल्या घराचें असें मोडींत लिहिलें होतें, दुसऱ्यांवरही तसेच शेरे होते. आम्हीं तरुण उत्साहानें सारे कागद सोडून कालानुक्रमानें लाविले, नवीं वेष्टणें घातलीं, आणि जीर्ण, वास मारणारीं फडकीं टाकून दिलीं. त्यांतील एक शके १७३५ चें वांटणीपत्र अक्षर सुरेख म्हणून आम्हीं मागून घेतलें आणि कांच लावून भिंतीवर टांगलें. घरच्या वृद्धांनीं आनंदानें दिलें. त्याची चिठी घेण्याचें आम्हांस सुचलें नाहीं. ते वृद्ध गेले. पुढें धाकट्या शाखेच्या वंशजांनीं सर्व जमीन एकत्र असल्याचें सांगून वांट्याचा दावा लाविला. शाखा शके १७३५ मध्येंच विभक्त झाल्याचें सांगणारा एकच कागद, आणि तो आमच्या भिंतीवर. आम्ही तो घेऊन साक्षीस उभे राहिलों. उलटतपासणींत तीनच प्रश्न आले. हा कागद कोणत्या घरांत होता? तो घेतल्याची नोंद कोठें आहे? थोरल्या घराच्या दप्तरांतच तो होता, हें कशावरून? पहिल्याचें उत्तर आम्हीं दिलें. दुसऱ्याचें नव्हतें. तिसऱ्याचें उत्तर त्या टाकलेल्या फडक्यावर लिहिलेलें होतें. न्यायालयानें गृहीत धरण्याचें नाकारलें, आणि त्यास आम्ही दोष देत नाहीं. घराण्यानें अखेर विहिरीची एक पाळी आणि बांधालगतची पट्टी सोडून तडजोड केली. त्या घरीं आमचें स्वागत पूर्वींप्रमाणेंच होतें, तें आम्हांस अधिक लागतें.

तेव्हांपासून आम्ही जी रीति पाळतों ती अगदीं साधी आहे, आणि जुन्या सरकारच्याच आज्ञेंतून घेतलेली आहे. पाहावयास आलेल्या दप्तराचें फडकें सोडण्यापूर्वीं वेष्टणावरील लेख उतरून घ्यावा, कागद ज्या क्रमानें निघतील त्या क्रमानेंच अनुक्रमांक पेन्सिलीनें वेष्टणावर घालावे, कागदावर नव्हे. कालानुक्रम यादींत लावावा, रुमालांत लावूं नये. तालीक आपण ठेवावी, असल घरीं परत करावें. घरीं ठेवण्याची सोय नसेल आणि ते संस्थेंत आलें, तर कोणीं, कोठून, किती कागद, कोणत्या अटीवर ठेवावयास दिले, याची दोन प्रतींत चिठी करून दोघांनींही सही करावी. कायद्याच्या तिसऱ्या उदाहरणांतील ठेव ती हीच. विकत घेतलेल्या कागदाच्या बाबतींत विकणाऱ्याकडून निदान गांव व घराणें विचारून तारखेसह टिपून ठेवावें. आणि पत्रांतील थळाचें नांव आज त्या गांवीं कोणत्या नंबरास म्हणतात, हें तेथील म्हाताऱ्या माणसांकडून समजून घेऊन यादीच्या शेवटल्या रकान्यांत लिहावें. हीं नांवें सांगणारीं माणसें दरसाल कमी होत आहेत.

तें वांटणीपत्र आम्हीं कांचेंतून काढून त्या घरीं पोंचविलें. मुलानें तें घेतलें, देव्हाऱ्याखालच्या पेटींत ठेविलें आणि वरून एक नवें फडकें गुंडाळलें. फडक्यावर काय लिहूं म्हणून त्यानें विचारलें, तेव्हां आम्हीं आज पोंचविल्याची तारीख आणि आमची सही एवढेंच लिहिलें.